पायरीवरचं पाणी

बीड म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कोरडं नदीपात्र, चारा छावणी, आणि दसरा सरला की संसार गाडीत घालून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा जिल्ह्यात एक धबधबा आहे, असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "बीडला? धबधबा?"

आहे. बीड शहरापासून दक्षिणेला अठरा-वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, डोंगराच्या कुशीत. नाव कपिलधार. कपिल मुनींनी इथं तप केलं, अशी आख्यायिका. याच मुनींच्या क्रोधाने सगरपुत्रांची राख झाली आणि ती राख पावन करायला भगीरथाला गंगा खाली आणावी लागली. पाणी वरून खाली येण्याच्या आपल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीचं मूळ कपिलापाशी आहे. म्हणूनच की काय, अमरकंटकला नर्मदा उगमानंतर थोड्याच अंतरावर कड्यावरून झेप घेते, तिथलं नाव कपिलधारा; काशीच्या पंचक्रोशीच्या वाटेवरही एक कपिलधारा. त्या मालिकेतलं आपलं हे मराठवाड्यातलं कपिलधार.

पण इथं पाणी पडतं ते का? आणि नेमकं इथंच का पडतं? याचं उत्तर शोधायला निघालं की दिवस पुरत नाही.

धारेसमोर उभं राहिलं की आपण सगळे पाण्याकडे बघत बसतो. जरा मान वळवून बाजूच्या कड्याकडे बघा. कडा एकसंध नाही. कुणी भाकऱ्यांची चवड रचावी तसा थरावर थर आहे. आणि प्रत्येक थर ही खरोखरच एकेक भाकरी आहे, तव्यावरून उतरलेली, थंड झालेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहून आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला टोकदार शंकू आठवतो. इथं तसं काही नव्हतं. उतू गेलेल्या दुधासारखा लाव्हा पसरला, निवला, मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. या राशीला भूशास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. आज तिने साधारण पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांसाठीच्या शब्दावरून आला. युरोपियन अभ्यासकांना असे डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसले म्हणून. आपल्याला ते नाव शिकवायची गरज नव्हती. घाट चढणाऱ्या प्रत्येक बैलाला ते माहीत होतं.

आता जवळ जा. कड्याच्या पायथ्याशी पडलेला एखादा दगड हातात घ्या. काही दगड काळे, गुळगुळीत, वजनदार. आपटले की खणखणतात. हा थराचा मधला भाग, सावकाश निवलेला. काही दगड मात्र हलके आणि भोकाभोकांचे. भाकरी फुगताना वाफ वर येते, तसा लाव्हा निवताना त्यातला वायू वर आला आणि पृष्ठभागाशी बुडबुडे करून अडकला. पुढे त्या बुडबुड्यांत खनिजं साचली, म्हणून कित्येक भोकांत पांढरे, चमकदार कण दिसतात. विहीर खोदणारी माणसं अशा दगडाला 'मांजऱ्या' म्हणतात. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाची रेघ जाते, ती गेरूची. एक लाव्हा निवल्यावर पुढचा यायला इतका वेळ गेला, की खालच्या खडकाची झीज होऊन माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती भट्टीत घातल्यासारखी भाजून काढली. त्या बोटभर-वीतभर लाल रेघेपाशी हात ठेवला की कधीकाळच्या एका जमिनीला आपण शिवतो.

धबधब्याचं गुपित या चवडीतच आहे. वरचा काळा पाषाण कठीण, खालचा मांजऱ्या आणि गेरू त्या मानाने मऊ. पडणारं पाणी आणि त्याचे शिंतोडे खालच्या मऊ थराला कोरत राहतात. वरचा पाषाण छज्ज्यासारखा पुढे उरतो, आणि एक दिवस आधार संपला की कोसळतो. कडा पुन्हा उभाच्या उभा होतो आणि कोरणं पुन्हा सुरू होतं. म्हणजे धबधबा जागेवर नसतो. तो माणसाच्या आयुष्यात कळणार नाही इतक्या संथ गतीने ओढ्याच्या उगमाकडे मागे सरकत असतो. डोहात नि डोहाच्या पुढे पडलेले मोठमोठे धोंडे म्हणजे त्याने मागे टाकलेल्या पावलांच्या खुणा.

या डोंगररांगेचं नावही पायरीचंच आहे. 'बालाघाट' म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. 'बाला' म्हणजे वर, हा फारसी शब्द. बीड जिल्हा असा दोन मजल्यांचा: वर घाटमाथा, खाली गोदावरीच्या बाजूची सपाट, काळी गंगथडी. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटरवर. पाटोद्याच्या बाजूचा माथा मात्र ८०० मीटरच्या पुढे जातो. कपिलधार या दोन मजल्यांमधल्या जिन्यावर आहे. जिन्यावर म्हणून तिथं पाणी पडतं.

पण पाऊस थांबल्यावरही पाणी झिरपत राहतं ते कुठून? पठारावर पडलेल्या पावसाचा काही भाग ओढ्याने धावत येतो, तर काही मुरतो. काळ्या पाषाणाला निवताना भेगा पडलेल्या असतात. पाणी त्या भेगांतून खाली जातं, सच्छिद्र मांजऱ्यात काही काळ राहतं आणि जिथं कडा थर कापतो तिथं बाहेर डोकावतं. घाटातल्या कड्यावर ऐन मध्यावर ओलसर पट्टा, त्याला धरून शेवाळ आणि एखादा हट्टी उंबर दिसला, की समजावं, इथं दोन थरांचा सांधा आहे. हा खडक फार पाणी धरत नाही. म्हणून पावसाळा सरला की धार बारीक होत जाते, आणि म्हणूनच मराठवाड्यातली विहीर एका शेतात भरलेली तर बांधापलीकडच्या शेतात कोरडी असते.

खडकातल्या पाण्याची ही चाल चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी नेमकी कळली होती. बीडहून कपिलधारला येताना सोलापूर रस्त्यावर, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखानाने ती १५८२च्या सुमारास बांधून घेतली. विहिरीच्या पोटात बोगदे आहेत. त्यांतून झिरपणारं पाणी विहिरीत येतं आणि एका बोगद्यातून नुसत्या उताराच्या जोरावर खालच्या शेतांकडे जातं. मोट नाही, पंप नाही. जमिनीखालून उताराने पाणी न्यायची ही विद्या इराणात 'कनात' म्हणून प्रसिद्ध. पुढे १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने औरंगाबादला नहर केली ती याच जातीची. धबधब्यात पाणी डोंगराच्या मर्जीने पायरी उतरतं. खजाना विहिरीत ते माणसाने आखून दिलेल्या मापाने उतरतं.

आता पावसाच्या एका थेंबाच्या मागे जाऊ. बालाघाटाच्या माथ्यावर ढग फुटला आणि तीन थेंब शेजारी शेजारी पडले, असं समजा. पहिला उत्तरेच्या कड्यावरून उतरला. तो बिंदुसरेत जातो, बीड शहरातून वाहतो, सिंदफणेला मिळतो आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीत पोचतो. दुसरा थेंब माथ्यावरच राहिला. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावणाऱ्या मांजरेत तो शिरला. मांजरेला घाई नाही. ती आग्नेयेला जाते, लातूरच्या बाजूने बिदरकडे वळते, तेलंगणात सिंगूर आणि निझामसागर भरते, मग उत्तरेला वळून गोदावरी गाठते. तब्बल ७२४ किलोमीटरचा वळसा. हैदराबादने कैक वर्षं हे पाणी प्यायलं आहे. आणि याच मांजरेचं धनेगावचं धरण आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. जो डोंगर दूरच्या महानगराला पाणी पाजतो, त्याच्या उशाला कोरड असते ती अशी.

तिसरा थेंब सगळ्यांत चमत्कारिक. तो पाटोदा तालुक्यातच सौताड्याला विंचरणा नदीत पडला. विंचरणा तिथं खोल दरीत उडी घेते. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मग ती जामखेडवरून सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच डोंगरावरच्या एका धबधब्याचं पाणी गोदावरीचं आणि काही कोसांवरच्या दुसऱ्याचं कृष्णेचं! एका बाजूला नाशिक-पैठणची गंगा, दुसऱ्या बाजूला पंढरपूरची चंद्रभागा. आणि हे वेगळे झालेले थेंब पुन्हा भेटतात का? भेटतात. दोन्ही नद्या शेवटी बंगालच्या उपसागरालाच जातात. शिवाय २०१५पासून आंध्रात पट्टिसीमा इथून गोदावरीचं पाणी उपसून कालव्याने विजयवाड्याला कृष्णेत सोडतात. बालाघाटावर फारकत घेतलेल्या भावंडांची समुद्राच्या जरा अलीकडेच गाठ पडते.

अशा जागी देऊळ असणं ओघानेच येतं, आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांच्या मुलखात ओन्याती नावाचं जुनं विद्यापीठाचं गाव आहे. तिथून वर डोंगरात, दरीच्या काठावर अरान्त्सासू हे त्यांचं मोठं यात्रास्थान. १५व्या शतकात एका मेंढपाळाला तिथं काटेरी झुडपावर मरियमची मूर्ती दिसली, अशी कथा. बास्क भाषेत 'अरान्त्सा' म्हणजे काटा. आपल्या बाभळी-बोरींच्या रानात ही कथा अजिबात परकी वाटत नाही. फरक आहे तो खडकाचा. त्यांचा डोंगर चुनखडीचा. पाणी तो विरघळवतं आणि पोटात मैलोगणती गुहा करतं. आपला काळा पाषाण विरघळत नाही. तो भेगाळतो, तुटतो, पायऱ्या करतो. म्हणून त्यांच्याकडे लोक डोंगराच्या पोटातल्या गुहा बघायला जातात, आणि आपल्याकडे कड्यावरून पडणारं पाणी. संत, साधू आणि मेंढपाळ मात्र दोन्हीकडे तीच जागा निवडतात: जिथं सपाटी संपते आणि पाण्याचा आवाज येतो.

कपिलधारला ती निवड मन्मथस्वामींनी केली. १६व्या शतकातले हे वीरशैव संतकवी. पैठणला एकनाथ आणि अंबाजोगाईला दासोपंत झाले, तेच शतक. १२व्या शतकात बसवेश्वरांच्या काळात जो विचार कन्नड वचनांतून बोलला गेला, त्या परंपरेतलं तत्त्वज्ञान मन्मथस्वामींनी मराठी ओवीत सांगितलं. त्यांच्या 'परमरहस्य' या ग्रंथाची मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आणि मठांत आजही पारायणं होतात. त्यांची संजीवन समाधी कपिलधारला आहे. ओलसर कड्याच्या सावलीतलं देऊळ, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि मागे पाण्याचा अखंड घोष.

कार्तिकी पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते. त्याआधी कित्येक दिवस टाळ-मृदंग घेऊन शिवदिंड्या पायी निघालेल्या असतात. पंढरीच्या वारीची सवय असलेल्या डोळ्यांना बरंच ओळखीचं वाटतं. फक्त मुखी विठ्ठलाऐवजी 'शिवा' आणि 'मन्मथ माउली'. माणसं लातूर-नांदेडकडून येतात, तशी बिदरकडून आणि तेलंगणातूनही येतात. हैदराबाद संस्थानात हा सगळा मुलूख एक होता; १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन राज्यांत तीन तुकडे झाले. यात्रेकरूंनी ते तुकडे मनावर घेतलेले दिसत नाहीत. मांजरा नदीसुद्धा याच तिन्ही मुलखांतून जाते. ती खाली उतरते आणि माणसं चढून तिच्या उगमाच्या डोंगराकडे येतात.

यात्रेच्या सुमाराला डोंगरावर आणखी एक गोष्ट पिकलेली असते: सीताफळ. बालाघाटाच्या उतारांवर ते रानोमाळ वाढतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. नावात सीता असली तरी वनस्पतिशास्त्र म्हणतं, या झाडाचं मूळ घर उष्ण कटिबंधातली अमेरिका. पोर्तुगीजांच्या काळात ते समुद्र ओलांडून इकडे आलं असं मानतात. मग ते या मुरमाड डोंगरावर इतकं कसं रमलं? एक म्हणजे त्याला पाणी फार लागत नाही. उन्हाळ्यात पानं गाळून ते गप्प बसतं. दुसरं म्हणजे त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. ज्या डोंगरावर बाकी सगळं कोवळं चरून जातं, तिथं शेळीने नाकारलेलं झाड राजा होतं.

सीताफळ हातात घेऊन त्याच्याकडे कधी नीट बघितलंय? अंगावरचा एकेक डोळा हा खरं म्हणजे एकेक वेगळा फळांश. एकाच फुलातले अनेक स्त्रीकेसर एकेकटे वाढले आणि अंगाला अंग लावून बसले, की सीताफळ होतं. म्हणून आत प्रत्येक बीला स्वतःचा गर असतो. ज्या केसराचं परागण झालं नाही, तिथं फळ खप्पड राहतं. वेडंवाकडं सीताफळ दिसलं की समजावं, एका बाजूला किडे पोचले नाहीत. फूलही मुलखावेगळं: तीन जाड, हिरवट पाकळ्या, मान खाली घातलेली. ते आधी स्त्री म्हणून उमलतं, नंतर पुरुष होतं. परागण करतात ते बारीकसे भुंगेरे. डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर पांढऱ्या झाल्या, म्हणजे 'डोळे उघडले', की फळ तोडायचं. हे मात्र शास्त्र शिकवत नाही. ते डोंगरावर टोपली घेऊन बसलेल्या बाईला विचारावं.

एका दिवसात हे सगळं बघता येईल का? घाई न करता दोन दिवस ठेवावेत. पहिल्या सकाळी बीडमध्ये कंकालेश्वर बघा. पाण्याच्या कुंडात उभं असलेलं चालुक्य-यादव शैलीचं हे देऊळ याच काळ्या पाषाणाचं आहे. कड्यावर ज्याची चवड बघायची, तोच दगड इथं मूर्ती झालेला. वाटेत खजाना विहीर, मग घाट चढून मांजरसुंबा. चार दिशांचे रस्ते जिथं भेटतात तो हा चौक. पोट इथंच भरून घ्यावं. तिथून कपिलधार. दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या रस्त्याने नायगावचं मयूर अभयारण्य गाठा. सुमारे ३० चौरस किलोमीटरचं हे रान १९९४ साली मोरांसाठी राखलं गेलं. पहाटे गेलात तर मोर दिसण्याआधी ऐकू येतील. पुढे सौताडा. आणखी सवड असेल तर उलट्या दिशेने अंबाजोगाई. तिथं 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधीही याच बालाघाटाच्या कड्याशी, दरीच्या तोंडाशी आहे. मराठीतल्या आद्यकवींपैकी एक आणि वीरशैव मराठीचा मोठा कवी, दोघांनीही विसाव्याला डोंगराची पायरीच निवडली.

जायचं कधी? लोक श्रावण-भाद्रपदात जातात, ते बरोबरच. पण जमलं तर एकदा चैत्र-वैशाखातही जा. पाण्याचा पडदा दूर झालेला असतो, तेव्हा कड्यावरचा थर न् थर मोजता येतो. काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू, पुन्हा पाषाण. सोबत मूल असेल तर त्याला मोजायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या 'बेसाल्ट'पेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहील.

आणि पावसाळ्यात जाणाऱ्यांना एक विनंती. कपिलधारला आकाश निरभ्र असलं तरी पाणी येतं ते वरच्या पठारावरून, आणि पठार खालून दिसत नाही. धार अचानक गढूळ झाली, पाण्यातून काटक्या-पाचोळा येऊ लागला, आवाज बदलला, की फोटो राहू द्या आणि धारेखालून बाहेर या. वर पडलेला पाऊस खाली पोचायला फार वेळ लागत नाही.